मोरोपंतांनी माया ठेवली नाही

वाकळ शिवणं म्हणजे काय मोठं, चौकोनाला चार कोपरे आणि त्रिकोणाला तीन, एवढं ज्याला कळतं त्याला ती जमलीच पाहिजे, असं मोरोपंत मार्गशीर्षातल्या एका सकाळी ओसरीवर दात घासता घासता बोलून गेले. बोलले ते बोलले, वर मोठ्यांदा बोलले. उजवीकडच्या अंगणात मैनाबाई सडा टाकत होती, तिनं ऐकलं. डावीकडच्या घरात पार्बताबाई दूध तापवत होत्या, त्यांनी ऐकलं आणि दूध उतू गेलं. एकदा शेजारणींच्या कानावर पडलेला शब्द मागे घेणं अमरावतीत आजवर कुणाला जमलेलं नाही.

प्रसंग तसा घरगुतीच होता. मोरोपंतांची एकुलती एक लेक शकुन अकोल्याला दिलेली. तिला सातवा लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून महिनाअखेर तिला आणायचं ठरलं होतं. आणि तिच्या अंगाखाली घालावं असं मऊ काही घरात उरलेलं नव्हतं. सातासमुद्रापलीकडे अमेरिकेत कुणी तरी कुणाशी तरी लढत होतं, त्यामुळे अमरावतीत गाद्या उसवल्या जात होत्या. आता तुम्ही विचाराल की ह्याचा त्याच्याशी काय संबंध? मोरोपंतांनीही हेच विचारलं होतं. पण तिकडचा कापूस विलायतेला जाईना, म्हणून इकडच्या कापसाला असा भाव आला की लोकांनी शेतातला विकला, कोठारातला विकला आणि मग बसल्या जागी अंगाखालचाही विकला. पार्बताबाईंच्या सल्ल्यावरून मोरोपंतांच्या पत्नी माणिकबाईंनीही दोन गाद्या आणि चार उशा मोकळ्या केल्या. तेव्हापासून मोरोपंत सतरंजीवर निजत होते आणि सकाळी उठताना एका हाताने कंबर आणि दुसऱ्या हाताने खांब धरत होते.

माणिकबाई म्हणाल्या, "वाकळ शिवते. जुनेराची शिवली की झालं. मैनाबाई येईल हाताखाली."

झालं असतं. चार दिवसांत झालं असतं. पण मैनाबाईनं नमुना म्हणून आपल्या घरची वाकळ आणून ओसरीवर पसरली आणि मोरोपंतांची नजर तिच्यावर पडली.

मोरोपंत मोजणी खात्यात होते. वऱ्हाडातलं कसलंही वेडंवाकडं शेत त्यांच्यापुढे टाका, ते त्याचे तिकोनी आणि चौकोनी तुकडे पाडत आणि क्षेत्र काढून वर सही ठोकत. अशा माणसाला मैनाबाईची वाकळ बघवेना. एक चौकोन दुसऱ्यापेक्षा मोठा. एका त्रिकोणाचं टोक पूर्वेला, शेजारच्याचं कुठे तरी ईशान्येला. एके ठिकाणी तर चौकोनाला पाच बाजू होत्या.

"हे कशानं मोजून कापलंत?" मोरोपंतांनी विचारलं.

"मोजून?" मैनाबाई हसायलाच लागली. "डोयानं पायलं अन् कापलं. वाकय का शेत आहे जी, मोजाले?"

"म्हणूनच ही गत झाली आहे," मोरोपंत म्हणाले. "अगं, कात्रीला हात लावू नकोस. आखणी मी करतो."

त्यांनी कचेरीतून पितळी पट्टी आणली, परकार आणला आणि एका मोठ्या कागदावर वाकळेचा नकाशा काढला. मधे एक चौकोन, त्याच्या चार बाजूंना चार त्रिकोण, मिळून पुन्हा एक मोठा चौकोन. असे त्रेसष्ट चौकोन. लांबी चार हात, रुंदी त्याला साजेशी. प्रत्येक तुकड्याला क्रमांक. कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाणही काढला. वाकळेत उत्तर दिशा कशाला लागते असं माणिकबाईंनी विचारलं नाही, कारण लग्नाला बावीस वर्षं झाली होती.

मग गल्लीतून सल्ले यायला लागले. बाळंतिणीच्या वाकळेत नवं कापड चालत नाही, चार लेकरं सुखरूप झालेल्या बाईचं वापरलेलं लुगडंच पाहिजे, असं पार्बताबाई म्हणाल्या आणि त्या लुगड्यासाठी मोरोपंतांनाच सहा घरी पाठवलं. कारकुनानं लोकांच्या दारात उभं राहून "आपल्या घरी एखादं जुनं लुगडं आहे का, आणि आपल्याला मुलं किती," असं विचारायचं! तिसऱ्या घरी कुत्रं अंगावर आलं. पाचव्या घरी आतून आवाज आला की भिक्षा सकाळीच घालून झाली. वरच्या आळीचे महादेवराव भिक्षुक म्हणाले की त्रिकोणाचं टोक खाली असेल तर मुलगी आणि वर असेल तर मुलगा. त्यावर मोरोपंतांनी दोन दिवस नकाशाकडे नुसतं बघत काढले, कारण त्यांच्या आखणीत दर चौकोनात एक टोक वर, एक खाली आणि उरलेली दोन आडवी होती. आडव्याला काय होतं हे महादेवरावांना माहीत नव्हतं.

शेवटी कापड जमलं. मोरोपंतांनी एक आख्खा रविवार ओसरीवर मांडी घालून कापाकापी केली. तुकडा पट्टीला तंतोतंत. सुताएवढाही कमी नाही की जास्त नाही. प्रत्येकाच्या पाठीवर सरकारी लाल शाईनं क्रमांक.

तिन्हीसांजेला माणिकबाई देवाजवळ दिवा लावून बाहेर आल्या. तुकड्यांचे नीट रचलेले ढीग बघून त्यांनाही जरा कौतुकच वाटलं. त्यांनी सहज विचारलं, "अहो, माया ठेवलीत ना?"

मोरोपंतांनी मान वर केली. त्यांना ते लागलं. "हा काय प्रश्न झाला? पोटची पोर आहे. बोलून दाखवत नाही म्हणून काय मनात नाही? ठेवली आहे, भरपूर ठेवली आहे."

"बरं," माणिकबाई म्हणाल्या आणि सुईत दोरा ओवायला बसल्या.

पहिला चौकोन शिवून झाला तेव्हा त्या म्हणाल्या, "लहान दिसतो का हो?"

"कागदावर बरोबर आहे," मोरोपंत म्हणाले.

दहावा झाला तेव्हा म्हणाल्या, "टोकं सगळी शिवणीत जाताहेत."

"कागदावर बरोबर आहे."

माणिकबाई शिवत राहिल्या. त्रेसष्ट चौकोन एकमेकांना जोडले, आत मोरोपंतांच्या जुन्या धोतराचे थर घातले, खाली अस्तर लावलं आणि बाराव्या दिवशी वाकळ ओसरीवर अंथरली. चार हातांची ठरलेली वाकळ अडीच हातांवर आली होती. आणि तिरपे काप ओढले गेल्यामुळे ती मधे फुगली होती. मोरोपंतांनी ती तीनदा मोजली. पट्टी उलटी धरून मोजली. सरकारी पट्टीच खोटी असेल असाही विचार त्यांच्या मनात येऊन गेला, आणि मग आजवर मोजलेल्या शेतांची आठवण होऊन त्यांनी तो घाईघाईनं काढून टाकला.

मैनाबाई बघायला आली. कमरेवर हात ठेवून तिनं वाकळेभोवती एक चक्कर मारली, कोपरा उलटून शिवण बघितली आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आता गं बाई! पंत, लेकीच्या वाकयीत तुमी तं जराबी माया नाई ठेवली!"

पार्बताबाई आपल्या दारात उभ्या होत्या. त्यांनी एवढं वाक्य ऐकलं, पदर तोंडाला लावला आणि आत गेल्या. पुढचं ऐकायला थांबल्या नाहीत. थांबल्या असत्या तर ही गोष्ट इथेच संपली असती आणि माझा घसाही वाचला असता.

कारण पुढे असं झालं की मोरोपंत ताडकन उभे राहिले आणि पार्बताबाईंच्या चुलीपर्यंत नुसता आवाज पोचेल असे ओरडले. "मैनाबाई, तोंड सांभाळून बोला! बारा दिवस मी ह्या चिंध्यांपायी कंबर मोडून घेतली. कुत्रं अंगावर घेतलं. माझी माया काढता तुम्ही?"

"तुमची नाई जी, कापडाची!" मैनाबाई गोंधळून म्हणाली. "शिवनीत जाते ना बाप्पा, थे! बोटभर जास्तीचं सोडा लागते चारी अंगानं. त्याले माया म्हनते. तुमाले कोनी सांगतलं नाई?"

मोरोपंतांनी माणिकबाईंकडे बघितलं. माणिकबाई म्हणाल्या, "मी विचारलं होतं." आणि जे हसायला लागल्या ते खांबाला टेकून हसल्या. मैनाबाई हसली. मोरोपंत तेवढे हसले नाहीत. ते आत जाऊन सतरंजीवर पडले आणि भिंतीकडे तोंड करून राहिले.

मोरोपंतांना वाटलं, झाली तेवढी शोभा पुरे. पण पार्बताबाईंची बहीण अकोल्यात होती, आणि त्या दिवसांत अमरावतीहून पश्चिमेला कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली असे. टपालाला लागेल त्याच्या निम्म्या वेळात बातमी गाडीवानाबरोबर जाई. नवव्या दिवशी व्याह्यांचं पत्र आलं. व्याही भगवंतराव अकोल्याला वकिली करत, आणि पत्नीशीही वकिलीतच बोलत असं ऐकिवात होतं.

पत्रात होतं: "आपण आपल्या कन्येच्या ठायी जराही माया न ठेविल्याचे, व तसे शेजाऱ्यांनी आपल्या तोंडावर म्हटल्याचे, भरवशाच्या साक्षीदारांकरवी कानी आले. आपण त्यावर चिडून ओरडलात, हेही समजले. अशा घरी अवघडलेली सून पाठविणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. सबब सौ. शकुन हिचे बाळंतपण येथेच होईल. कळावे."

माणिकबाई आता हसत नव्हत्या. पत्र त्यांनी मांडीवर ठेवलं. "पहिलटकरीण आहे हो," त्या म्हणाल्या. "आईजवळ नको का?" आणि डोळ्यांना पदर लावला.

मोरोपंतांनी तातडीनं खुलासा लिहायला घेतला. 'माया' शब्दाचे दोन अर्थ, वाकळेची मूळ लांबी, प्रत्यक्ष लांबी आणि सोबत आकृती. आकृती अर्धी झाली असताना माणिकबाईंनी कागद ओढून घेतला आणि चुलीत घातला. "वकिलाला लिहून काय पाठवता? जा आणि तिला घेऊन या. आपल्या पायांनी जा."

जा म्हणणं सोपं असतं. रजा काढायची होती. शिरस्तेदारांनी अर्जात कारण मागितलं. मोरोपंतांनी लिहिलं, 'घरगुती अडचण.' शिरस्तेदार म्हणाले, हे कारण सगळेच लिहितात, साहेबांना तपशील लागतो. मोरोपंतांनी मान खाली घालून तपशील सांगितला. शिरस्तेदारांनी तो चार कारकुनांना बोलावून पुन्हा सांगायला लावला, कारण म्हणे नोंद बिनचूक झाली पाहिजे. मग एकानं विचारलं की क्रमांक घालायला लाल शाई कुठली वापरली, आणि मोरोपंतांना त्या शाईबद्दल वेगळा जबाब लिहून द्यावा लागला. पाचव्या दिवशी सात दिवसांची रजा मिळाली. अर्जावर शेरा होता: 'मायेअभावी मंजूर.'

मग गाडी मिळेना. अमरावतीतल्या झाडून सगळ्या गाड्या आणि सगळे बैल कापसाला लागलेले. माणसांना नेण्यात कुणाला रस नव्हता. एक गाडीवान तर तोंडावर म्हणाला की तुमच्याएवढ्या जागेत मी केवढा कापूस बसवीन, तुम्हीच सांगा. शेवटी मैनाबाईच्या मालकांनी, नत्थुजींनी, रदबदली केली आणि पुंजाराम नावाच्या गाडीवानानं मोरोपंतांना कापसाच्या गठ्ठ्यांवर बसवून न्यायचं कबूल केलं. काखेत वाकळेची वळकटी, दशम्यांचं गाठोडं आणि डोक्यावर पगडी, अशा थाटात सरकारी मोजणी खातं अकोल्याकडे निघालं.

तीन दिवस. बडनेरा गेलं, कुरूम गेलं. पुढे गाड्या, मागे गाड्या आणि मधे धूळ. गठ्ठ्यांवर बसल्यावर मऊ लागेल ही मोरोपंतांची समजूत पहिल्या कोसातच मोडली. करकचून बांधलेला कापूस दगडासारखा लागतो. स्वतःची गादी विकली गेली होती आणि आता कुणाच्या तरी गादीच्या उरावर बसून हाडं खिळखिळी होत होती.

"पंत, अकोल्याले काहून चाल्ले?" पुंजारामनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं. मोरोपंत थकलेले होते, त्यांनी खरं सांगून टाकलं. पुंजारामला ते फार आवडलं. तो येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गाडीला थांबवून सांगू लागला, "हे पाय, हे थे पंत आहेत, यायनं वाकयीत माया नाई ठेवली!" मूर्तिजापूरला एका पाणपोईवरच्या म्हाताऱ्यानं मोरोपंतांना जवळ बसवून समजावलं, की बापा, पोटच्या पोरीवर राग धरू नाही. मोरोपंतांनी खुलासा करायला तोंड उघडलं, आणि मग मिटलं. त्यांच्यात खुलासा करायची ताकद राहिली नव्हती. "नाही धरत," ते म्हणाले.

तिसऱ्या दिवशी दुपारी ते भगवंतरावांच्या दारात उभे राहिले. पगडीपासून जोड्यापर्यंत धूळ आणि दाढीत कापूस. व्याही कोर्टात गेले होते. विहीणबाई दुर्गाबाईंनी पाय धुवायला पाणी दिलं आणि समोर पाट मांडला. चेहरा मात्र साक्षीदाराकडे बघावं तसा.

"पान वाढते," त्या म्हणाल्या.

"नको, नको," मोरोपंत म्हणाले. "लेकीला मूल होईस्तवर तिच्या घरचं अन्न-पाणी आम्हाला चालत नाही. दशम्या आहेत बरोबर."

"पाणीसुद्धा नाही?"

"नाही." तोंडाला इतकी कोरड पडली होती की तो शब्दही नीट निघाला नाही.

विहीणबाईंनी पाण्याचा तांब्या तिथेच ठेवला, शकुनला हाक मारली आणि आत गेल्या. आत म्हणजे दाराच्या मागे.

शकुन हळूहळू आली, भिंतीला धरून खाली बसली. मोरोपंतांनी तिला लग्नानंतर पहिल्या दिवाळसणाला आली होती तेव्हाच काय ते बघितलेलं. तेव्हा ती पोर होती. आता गालाची हाडं वर आली होती आणि बसताना ती आईसारखी कमरेवर हात ठेवत होती. मोरोपंतांनी वळकटी पुढे केली.

शकुननं वाकळ मांडीवर पसरली. ती मांडीवर मावली. तिनं एक कोपरा उलटला, शिवण चिमटीत धरून बघितली.

"शिलाईची गं," मोरोपंत घाईनं म्हणाले. "ती माया शिलाईची. मैनाबाई कापडाला म्हणाली. मला तो शब्द ठाऊक नव्हता. तुझ्या सासऱ्यांना कुणी तरी भलतंच..."

"मला ठाऊक आहे, अप्पा."

"काय ठाऊक आहे?"

"माया म्हणजे काय ते. मी रोज शिवते इथं. ऐकलं तेव्हाच कळलं काय झालं असेल ते."

रजा, शाईचा जबाब, तीन दिवसांची गाडी, सगळं मोरोपंतांच्या डोळ्यांपुढून गेलं. "मग सांगितलं का नाहीस ह्यांना? एका वाक्याचं काम होतं!"

"सासूबाईंनी विचारलं मला, खरं का गं हे? मी गप्प बसले."

"का?"

शकुन वाकळेवरून हात फिरवत राहिली. "मागल्या साली तुम्ही बोरगावची शेतं मोजायला आला होतात. दीड महिना होतात तिथं. इथून पाच कोस. मला गाडीवाल्यांनी सांगितलं. मी रोज ओसरी झाडून घेत होते."

"अगं, पण लेकीकडे..." मोरोपंतांचा आवाज चढला आणि मधेच खाली आला. "रीत आहे, शकुन. मूल होईपर्यंत बापानं लेकीच्या घरी जेवायचं नसतं."

"जेवायचं नसतं, ते ठाऊक आहे मला. यायचं नसतं असं कुठं म्हटलंय?"

ती रागानं बोलली नाही. रागानं बोलली असती तर मोरोपंतांना बरं पडलं असतं, वडिलकीच्या आवाजात दोन शब्द सुनावता आले असते. बोरगावच्या एकेका बांधाची लांबी त्यांना आजही तोंडपाठ होती. आपण चुकलो, साफ चुकलो, एवढंच त्यांना कळलं. डोळ्यांतून पाणी आलं, ते दाढीतल्या धुळीतून वाट काढत खाली गेलं आणि त्यांनी पुसलं नाही.

"चल, घरी चल," ते कसंबसं म्हणाले. "आई वाट बघते आहे. मी पण बघतो आहे."

शकुननं होय म्हणून मान हलवली. दाराच्या मागून विहीणबाईंनी नाक ओढल्याचा आवाज आला.

मोरोपंतांनी हात लांब करून तांब्या उचलला. शकुन "अहो अप्पा, तुम्हाला चालत नाही," असं म्हणेपर्यंत त्यांनी तो तोंडाला लावला आणि घटाघटा रिकामा केला.

"अजून आहे का गं?" ते म्हणाले.